मांजराचं पोट, बोक्याची लघवी आणि सासूबाईंचा आक्षेप

वाचकांची पत्रं : पशुवैद्य ताईंची उत्तरं

गाभण म्हशींच्या आहारावर लिहिलं तेव्हा मोजकी पत्रं आली होती. ‘पुढच्या वेळी मांजरं’ एवढं संपादकांनी छापलं आणि पत्रांचा ढीग लागला. सगळी घेता येणार नाहीत. ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये, बहुतेकांचे प्रश्न खाली कुठल्या ना कुठल्या पत्रात आलेच आहेत. आणखी एक, पत्र लिहिताना मांजराचं वय, अंदाजे वजन, नर की मादी, पिल्लं न होण्याचं ऑपरेशन झालंय का आणि शेवटची लस कधी दिली एवढं लिहीत जा. ‘आमची माऊ बरी नाही, काय द्यावं?’ एवढ्यावर मी सांगलीत बसून काय सांगणार?

डॉक्टरताई, आमची मनी तीन वर्षांची आहे. आमचं घर शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. मनी दोन्ही वेळेला दूधभात खाते, कधी दूधपोळी. हल्ली तिला सारखं पातळ होतं आणि केस राठ झालेत. दूध गाईचं द्यावं की शेळीचं?
— एक आजी, सातारा

आजी, गाईचं नको, म्हशीचं नको आणि शेळीचंही नको. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. पिल्लू आईला पीत असतं तोवर ती पचवायची ताकद त्याच्या आतड्यात असते. आईचं दूध सुटलं की ती कमी होत जाते. मोठ्या मांजराला दूध आवडतं हे खरं, पण आवडतं म्हणून पचतं असं नाही. मनीचं पातळ होणं बहुधा त्यातूनच आहे. दूध आठवडाभर पूर्ण बंद करा. तरीही थांबलं नाही तर तिची शी डबीत घालून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, जंत असू शकतात.

आता शाकाहाराचं. तुमच्या घराचा आचार मोडा असं मी सांगणार नाही. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरी-ताकावरही बराच काळ तग धरतो, मांजराला ते जमत नाही. टॉरिन नावाचा एक घटक त्याला रोज बाहेरून लागतो. तो मांसात आणि माशात असतो. भात, पोळी, डाळ यांत तो नाही आणि दुधात नावापुरता. तो कमी पडत गेला की डोळ्याच्या आतला पडदा झिजतो आणि हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगतं. 1987 साली कॅलिफोर्नियातल्या पशुवैद्यांनी दाखवून दिलं की अशा मांजरांना टॉरिन दिलं तर हृदय सावरू शकतं. तेव्हापासून मांजरांच्या तयार खाद्यात तो जास्त घालू लागले. डोळ्यांचं मात्र गेलं ते गेलंच. तीच गत अ जीवनसत्त्वाची. आपण गाजर खाल्लं की शरीर त्यातून ते बनवतं, मांजराच्या शरीराला ती किमया येत नाही.

मग करायचं काय? मांजरांसाठीच्या कोरड्या खाद्याची पिशवी आणा. ते शिजवावं लागत नाही, स्वयंपाकघरात न्यावं लागत नाही, मागच्या पडवीत एक वाटी ठेवली की झालं. साधारण चार किलोच्या मांजराला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम पुरतं, दोन-तीन वेळा विभागून. एकदम बदलू नका. आधी भातात मूठभर दाणे मिसळा आणि आठ-दहा दिवसांत भात कमी करत आणा. पाण्याची वाटी खाण्यापासून जरा लांब ठेवा, पुष्कळ मांजरांना ती दोन्ही शेजारी-शेजारी आवडत नाहीत. आणि आजी, एक सांगते, रागावू नका. तीन वर्षं मनी निव्वळ दूधभातावर राहिलेली नाही. पडवीतल्या पाली आणि माळ्यावरचे उंदीर ती तुमच्या नकळत खात असणार, म्हणूनच तिचे डोळे अजून शाबूत आहेत.

आमच्याकडे उलटी तऱ्हा. बोटीवरून रोज ताजी मासळी येते. झिपरी कच्ची मांदेली, बांगड्याची डोकी आणि सुकट यांवरच वाढली. दुसरं काही तोंडात धरत नाही. चालेल ना?
— मच्छीविक्रेत्या ताई, रत्नागिरी

मासे चालतील, पण निव्वळ मासे नकोत आणि कच्चे तर नकोतच. काही कच्च्या माशांत ब-1 जीवनसत्त्व मोडून टाकणारा एक घटक असतो. महिनोन्‌महिने तेच खाल्लं तर मांजराची मान खाली झुकते, चाल झिंगल्यासारखी होते. मासा नुसता उकळला तरी तो घटक मरतो. बांगडा-तारलीसारखे तेलकट मासेच रोज दिले तर अंगातल्या चरबीला सूज येते. मांजर पाठीला हात लावू देत नाही, उचललं की ओरडतं. सुकटीत मीठ फार.

आठवड्यातले निम्मे दिवस उकडलेलं चिकन द्या, मीठ-मसाला न घालता. काळीज दिलं तर आठवड्यातून एकदा, चिमूटभरच. ते रोज दिलं तर अ जीवनसत्त्व अति होऊन मानेची हाडं धरतात. आणि कालवणातला उरलेला मासा धुऊन देते म्हणाल तर तेही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात आणि ते रश्शात उतरलेलं असतं, धुऊन जात नाही.

मॅडम, आमच्या गुंड्याचं अंग कालपासून गरम लागतंय. आई विचारतेय, माणसांच्या तापाच्या गोळीची पाव गोळी दुधात विरघळवून दिली तर चालेल का?
— बी.कॉम.ची विद्यार्थिनी, पुणे

नाही. पाव नाही, पावाची पावही नाही. आईने आधी विचारलं हे फार चांगलं केलं, एरवी लोक देऊन मोकळे होतात आणि मग मांजर टोपलीत घालून आणतात.

पहिली गोष्ट, मांजराचं अंग आपल्या हाताला गरमच लागतं. निरोगी मांजराचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं. आपल्याला 102 असता तर आपण पांघरूण घेऊन पडलो असतो, गुंड्या त्यात खिडकीवर उड्या मारतो. ताप आहे की नाही हे हात लावून कळत नाही, थर्मामीटर लावूनच कळतं आणि तो गुदद्वारातून लावावा लागतो. ते डॉक्टरांवर सोड. तू एवढंच बघ, तो खातोय का, लपून बसतोय का, स्वतःचं अंग चाटतोय का. अंग चाटणं सोडलेलं मांजर आजारी असतं, असं मी डोळे मिटून सांगते.

आता गोळी का नाही ते. पॅरासिटामॉल पोटात गेलं की आपलं यकृत ते एका आम्लाला जोडून लघवीवाटे बाहेर काढतं. मांजराच्या यकृतात ही जोडणी करणारं एन्झाइम फार थोडं असतं. औषध साचत जातं, त्याचं विष होतं आणि रक्तातला प्राणवायू वाहणारा घटकच निकामी होतो. चुकून कधी दिलं गेलंच, तर घरात बघायची खूण सांगते. मांजराला मांडीवर घे, एका हाताने डोकं धर, अंगठ्याने वरचा ओठ हलकेच वर कर. सुळ्याच्या वरची हिरडी गुलाबी हवी. बोटाने क्षणभर दाबली तर पांढरी पडून लगेच परत गुलाबी होते. पॅरासिटामॉलची विषबाधा झालेल्या मांजराची हिरडी तपकिरी, काळपट होते. तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. यावर उतारा आहे आणि तो दवाखान्यात मिळतो, पण तास मोजावे लागतात, दिवस नाही. हिरडीचा रंग बदलायची वाट बघत बसायचं नाही, गोळी गेली हे कळलं की निघायचं. काळ्या तोंडाच्या मांजराची हिरडी मुळातच काळी असू शकते, म्हणून गुंड्या बरा असताना ती एकदा बघून ठेव.

याच यकृताच्या अडचणीमुळे आणखी दोन गोष्टी घरातून बाजूला कर. एक फिनेल. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि मग पंजा चाटतं, म्हणजे फिनेल त्याच्या पोटात गेलं. दुसरं, पाण्यात टाकलं की पांढरं होणारं जंतुनाशक, जे आपण दाढीच्या पाण्यात आणि जखमेवर वापरतो. मांजराच्या जखमेवर ते लावायचं नाही. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने पुसावी. कडक जंतुनाशकाची गरजच पडली तर विरळ केलेलं ब्लीच वापरा, पाण्याने पुन्हा पुसून घ्या आणि वाळेपर्यंत खोलीचं दार बंद ठेवा. मात्र मांजर जिथे मुतलंय त्या जागी थेट ब्लीच ओतायचं नाही, नाका-घशाला झोंबणारा वायू सुटतो. आधी पाण्याने धुवा.

आणि शेजारच्यांच्या कुत्र्याची गोचिडाची पावडर किंवा मानेवर टाकायचे थेंब उसने आणू नका. त्यांतल्या पुष्कळांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात.

आमचा पाच वर्षांचा बोका कालपासून शी-लघवीच्या वाळूच्या ट्रेमध्ये सारखा जाऊन बसतो, कण्हतो आणि काही न करता बाहेर येतो. बद्धकोष्ठ असावं. एरंडेल किती द्यावं?
— एक गृहस्थ, ठाणे

हा मेल संपादकांनी मला फोनवर वाचून दाखवला. अंकाची वाट न बघता मी यांचा नंबर घेतला आणि त्याच रात्री बोक्याला दवाखान्यात न्यायला लावलं. मूत्रमार्ग तुंबला होता. नळी घालून मोकळा केला, सलाईनवर ठेवलं, आता बोका घरी आहे. तरीही पत्र छापायला सांगितलं, कारण हा ‘बद्धकोष्ठा’चा समज घरोघरी आहे.

बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. लघवीत बारीक खडे किंवा चिकट पदार्थ जमून तिथे बूच बसतं. मूत्राशय भरत जातं. तळहात पोटाखाली, मागच्या पायांच्या जरा पुढे धरला तर लिंबापासून संत्र्याएवढा टणक गोळा हाताला लागतो. दाबू नका, फुटू शकतो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदय थांबतं. एक-दोन दिवसांत बोका जातो. भाटीला हे क्वचितच होतं, तिचा मार्ग रुंद असतो.

तेव्हा बोका जोर करतोय, ओरडतोय, लघवीची जागा सारखी चाटतोय आणि ट्रे मात्र कोरडा, असं दिसलं की एरंडेल नाही, इसबगोल नाही, ‘सकाळपर्यंत बघू’ नाही. मुंबईत असाल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल रिक्षावाल्यांनाही ठाऊक असतं. तुमच्या गावात रात्री कोण दार उघडतं हे आजच विचारून ठेवा.

पुन्हा होऊ नये म्हणून पाणी पोटात जाईल असं बघा. कोरड्या खाद्याबरोबर ओलं खाद्य किंवा उकडलेलं चिकन त्याच्या पाण्यासकट द्या. घरात दोन-तीन ठिकाणी पाणी ठेवा. मोरीतल्या नळाची धार आवडत असेल तर थोडी सोडा. आणि वजन उतरवा, या बोक्याचं वजन साडेसात किलो आहे असं कळलं.

मला पाचवा महिना आहे. सासूबाई म्हणतात मांजराने बाळाला अपाय होतो, त्याचा केस पोटात गेला तर वाईट. सासरे म्हणतात पोत्यात घालून बाजारात सोडून येतो. मी काय करू? चिंगी माझ्या माहेरून आलीय.
— एक सूनबाई, कोल्हापूर

हे उत्तर सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवा. सासूबाई, तुमची काळजी निराधार नाही, फक्त तिचा रोख चुकलाय. भीती आहे ती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या एका जंतूची. गरोदर बाईला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. तो केसातून येत नाही, मांजराच्या विष्ठेतून येतो. मांजर आयुष्यात बहुधा एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे तो बाहेर टाकतं. टाकल्याटाकल्या तो लागतही नाही, त्याला पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे ट्रे रोजच्या रोज साफ झाला तर धोका जवळजवळ उरतच नाही. तर बाळंतपण होईपर्यंत ट्रे सुनेने नाही, मुलाने साफ करायचा. मुलगा कामावर असेल तर सासरेबुवांनी. पोतं उचलायला तयार होते, खोरं उचलतील.

सूनबाई, तुम्ही बागेत माती उकरताना हातमोजे घाला, भाज्या आणि कोथिंबीर नीट धुऊन घ्या आणि मटण पूर्ण शिजलेलंच खा. हा जंतू माणसात अर्धवट शिजलेल्या मांसातून आणि मातीतून फार येतो. कोल्हापुरात आहात म्हणून मुद्दाम सांगितलं. चिंगीला कच्चं मांस देऊ नका, बाहेर शिकारीला सोडू नका. तुम्हाला पूर्वी लागण होऊन गेलीय का हे रक्ताच्या तपासणीत कळतं, तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा.

केसाचं म्हणाल तर गिळलेला केस पोटातून जसाच्या तसा बाहेर जातो. काहींना मांजराची ॲलर्जी असते, ती लाळेतल्या आणि कातडीतल्या प्रथिनाची, केसावरून ती घरभर पसरते. घरात कुणाला दमा असेल तर चिंगी झोपायच्या खोलीत नको.

आणि सासरेबुवा, पोत्यातून नेऊन सोडणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे, मला माहीत आहे. पण घरातलं मांजर बाजारात सोडलं तर त्याला तिथल्या बोक्यांचा मार आणि कुत्र्यांचा पाठलाग मिळतो. पाळीव जनावर उपाशी-तहानलेलं पडेल अशा स्थितीत टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाखाली गुन्हाही आहे.

आमच्या भाटीला वर्षात दोन वेळा पिल्लं झाली. तिसऱ्यांदा गाभण राहू नये म्हणून गोळी मिळते असं ऐकलं. ऑपरेशन क्रूर वाटतं. निदान एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत असंही म्हणतात.
— शिक्षिका, लातूर

तुमच्या भाटीचं ‘एकदा तरी’ कधीच होऊन गेलं, बाई. मांजराचे दिवस 63 ते 65. पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की स्वतः गाभण राहू शकतं आणि पिल्लांना पाजत असताना आई पुन्हा माजावर येऊ शकते. एकदा पिल्लं झाल्याने तब्येतीला काही फायदा होतो, याला आधार नाही. उलट सहा महिन्यांच्या आत ऑपरेशन झालं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 90 टक्क्यांनी कमी होतो. गोळ्या आणि इंजेक्शनं यांनी नेमकं उलटं होतं. आचळं सुजतात, गाठी येतात, गर्भाशयात पू होतो. पू झालेलं गर्भाशय मी टेबलावर बाहेर काढते तेव्हा ते बोटाएवढं असायच्या जागी मनगटाएवढं असतं. क्रूर म्हणायचं तर मी त्याला म्हणेन.

पिल्लं तुटली की आणि अंगातलं दूध आटलं की ऑपरेशन करून घ्या. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पण किती तास ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, वयाप्रमाणे बदलतं.

मॅडम, मी सातवीत आहे. खेळताना आमच्या टिप्याने मला चावलं आणि थोडं रक्त आलं. आईला सांगितलं नाही. इंजेक्शन घ्यावं लागेल का?
— नांदेड

आधी आईला सांग. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. मग जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धू, आधी धुतली असलीस तरी. चुना, हळद, तिखट काही लावू नकोस. आणि सरकारी दवाखान्यात जा, तिथे रेबीजची लस फुकट मिळते. आता पोटात इंजेक्शनं देत नाहीत, दंडात देतात. टिप्याला लस दिलेली आहे का हे डॉक्टरांना सांग, त्यावर ते ठरवतील. टिप्याला दहा दिवस घरात ठेवून त्याच्यावर लक्ष ठेवायचं. त्याला लस दिलेली नसेल तर बाबांना सांग की तीन महिन्यांच्या वयाला एकदा आणि मग दर वर्षी ती द्यायची असते. आई ओरडेल, पण लसीच्या तारखा तीच लक्षात ठेवेल.

घरात जागा आहे, ट्रे आहे, तरी आमची राणी गादीवरच लघवी करते. सूड घेते का?
— डोंबिवली

मांजर सूड घेत नाही, तेवढा वेळ त्याला नसतो. आधी लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग असेल तर ट्रेमध्ये दुखलं म्हणून ती मऊ जागा शोधते. लघवी स्वच्छ निघाली तर ट्रेकडे बघा. तुमच्या पत्रात ट्रे वॉशिंग मशीनशेजारी आहे असं लिहिलंय. ती बसलेली असताना एकदा मशीन गरगरलं असेल तर पुरे झालं. शांत कोपरा द्या, खाण्याच्या वाटीपासून लांब. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे. वाळू नदीची चाळून घेतलेली चालते, बाजारातली गोळे होणारी असेल तर बिनवासाची घ्या. गुलाबाचा वास तुम्हाला आवडतो, तिला नाही. दिवसातून दोनदा उपसा.

मांजराला आंघोळ घालावी का? दर रविवारी घालतो.
— औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

का घालता? दिवसाचा बराच वेळ ते तेच काम करत असतं. चिखलात लोळून आलं तर ओल्या फडक्याने पुसा आणि टॉवेलने कोरडं करा. लांब केसांचं असेल तर कंगवा फिरवा, विशेषतः काखेत आणि शेपटीखाली. माणसांचा शाम्पू नको. रविवारी त्याच्या कानात डोकावून बघा, आत कॉफीच्या भुकटीसारखा काळा चुरा दिसला तर कानात कीड आहे, दवाखान्यात आणा.